जाड पायांचे तिरके अक्षर

मागच्या वर्षी टॉवेलच्या पाकिटांची लेबले छापून आली. पाच हजार. वर आमच्या मालाचे नाव जाड इंग्रजी अक्षरात आणि त्याखाली ‘बेस्ट कॉटन’ तिरक्या अक्षरात. गोल ‘ओ’ एका अंगाला कलंडलेला, ‘टी’चे पाय शेजारच्याच्या पायात गेलेले. वीस वर्षांच्या गिऱ्हाइकाने पाकीट उलटेपालटे करून विचारले, “शेठ, हा माल आपलाच ना? की कुणी नक्कल काढली?” प्रेसवाल्याकडे चौकशी केली तेव्हा कळले की त्याने कॉम्प्युटरचे तिरके करायचे बटण दाबले होते, एवढेच. तेव्हापासून या विषयाच्या मागे लागलो. लेबल, बिलबुक, पाकीट छापून घेणाऱ्या आपल्या बंधूंच्याही उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

स्लॅब म्हटले की आपल्याला घराचे छत आठवते, आणि ते बरोबरच आहे. इंग्रजी अक्षराच्या रेघेच्या टोकाला जो लहान पाय असतो त्याला सेरिफ म्हणतात. पुस्तकातल्या अक्षरात तो बारीक, निमुळता असतो. स्लॅब सेरिफमध्ये तो फळीसारखा सपाट आणि जवळजवळ रेघेइतकाच जाड. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सने १८१५ च्या सुमारास असे खिळे नमुनापुस्तकात दाखवले. तो जाहिरातींचा, भिंतीवरच्या मोठ्या नोटिसांचा काळ होता. लांबून वाचता येईल असे अक्षर हवे होते. नेपोलियनच्या १७९८ च्या स्वारीनंतर युरोपात मिसरची हवा पसरली होती, म्हणून या अक्षरांना पुढे ‘इजिप्शियन’ नाव पडले. मिसरच्या लिपीशी त्यांचा काडीचा संबंध नाही. चालू हवा पाहून मालाला नाव द्यायची रीत आपल्याच बाजारात आहे असे नाही!

तिरक्या अक्षराचा जन्म वेगळा. व्हेनिसचा छापखानदार आल्दुस मानुत्सिउस याने १५०१ मध्ये लहान आकाराची पुस्तके काढली. त्यांचे अक्षर फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराने कोरले होते. हाताने भरभर लिहिताना कलम जसे कलते, जोडत जाते, तशी त्याची घडण. अख्खे पुस्तकच त्या अक्षरात असे. ल्यों शहरातल्या छापखान्यांनी लगेच नकला काढल्या आणि बिचाऱ्या आल्दुसला १५०३ मध्ये जाहीर इशारा छापावा लागला. पुढे हे अक्षर सरळ अक्षराचे सोबती झाले. आज इंग्रजी मासिकात मथळ्याखालचा मजकूर, कुणाचे उद्गार, पुस्तकाचे नाव त्यात देतात.

म्हणजे खरे तिरके अक्षर हे कलवलेले सरळ अक्षर नव्हे. ते निराळे कोरावे लागते. ट्विलच्या कापडावरची तिरपी रेघ पाहा. बाणा प्रत्येक ओळीत एकेक ताणा सरकतो, म्हणून ती विणीतच येते. साधे कापड प्रोसेसमध्ये ओढले जाऊन बाणा तिरपा झाला, तर आपण त्याला ट्विल म्हणतो का? माल परत करतो.

स्लॅबमध्ये हे काम अधिक अवघड आहे. पाय जाड आणि सपाट; अक्षर कलले की ते आडवे येतात, गर्दी करतात. चांगला कारागीर काही पाय काढून टाकतो, काही एकाच बाजूला ठेवतो, रेघांची जाडी पुन्हा बेतून घेतो. लंडनच्या ‘गार्डियन’ने २००५ मध्ये नवे रूप घेतले, तेव्हा पॉल बार्न्स आणि क्रिश्चन श्वार्ट्झ यांनी त्यासाठी ‘गार्डियन इजिप्शियन’ घडवले. दोनशे वर्षांपूर्वीचे भिंतीवरचे अक्षर असे वर्तमानपत्रात शोभून दिसले.

पारख सोपी आहे. लहान ‘ए’ आणि ‘एफ’ पाहावेत. खऱ्या तिरक्यात ‘ए’ बहुधा एकमजली होतो, ‘एफ’ची शेपटी अनेकदा ओळीखाली उतरते. दोन्ही अगदी सरळ अक्षरासारखेच असतील तर शंका घ्यावी. तरी काही टायपांत मूळ घडणच तशी असते. मोफत मिळणाऱ्या ‘रोबोटो स्लॅब’ला तिरके अक्षर नाहीच, बटण दाबले तर नकलीच निघेल. ‘झिला स्लॅब’ही मोफत आहे आणि त्याला तिरके अक्षर वेगळे घडवलेले आहे. प्रेसवाल्याला नाव सांगून तेच मागावे. कापडाच्या किनारीवर शिक्का मारायचा असेल तर जाड पायच बरे. शाई पसरली तरी अक्षर मोडत नाही. बारीक रेघेचे अक्षर दोन ठाणांत तुटते.

मराठी अक्षर मात्र तिरके करू नये. शिरोरेघ आडवी राहते आणि खाली अक्षरे पडल्यासारखी दिसतात. उर्दूचे तर विचारूच नका. नस्तालीकमध्ये शब्द आधीच उजवीकडून डावीकडे उतरत येतो. त्याला आणखी कलवणे म्हणजे कातिबाचा घोर अपमान. आमच्या शाळेतल्या उस्तादांनी तख्ती फेकून मारली असती.

नकलेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. स्लॅबमधले ‘क्लॅरेंडन’ हे अक्षर १८४५ मध्ये लंडनमध्ये रजिस्टर झाले, पण त्या वेळच्या कायद्याने संरक्षण फक्त तीन वर्षांचे. मुदत संपताच इतर ओतशाळांनी तसेच खिळे ओतले. आपल्याकडे २००० च्या डिझाइन कायद्याने कापडावरच्या नक्षीला दहा वर्षे आणि अर्ज केल्यास आणखी पाच वर्षे मिळतात. मात्र नक्षी बाजारात येण्याआधी अर्ज द्यावा लागतो. नमुन्याचे तागे वाटून झाल्यावर गेलात तर ‘नवीन नाही’ म्हणून अर्ज फेटाळला जाऊ शकतो. लेबलावरच्या नावासाठी ट्रेडमार्कचा अर्ज वेगळा.