गोष्टीतले गुपित आणि आकाशातली नक्षत्रे

शब्दांआड दडलेला अर्थ शोधणे आपल्या भागाला नवे नाही. आपल्याच बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणशी ज्यांचे नाव जोडलेले आहे, त्या अल्लमप्रभूंची कोड्यासारखी वचने कन्नडमध्ये ‘बेडगिन वचने’ म्हणून ओळखली जातात. मराठीत संत ज्ञानेश्वर व मुक्ताबाई यांचे कूट अभंग आहेत. असाच शोध जगभरच्या वाचकांनी जे. के. रोलिंग यांच्या हॅरी पॉटर या सात पुस्तकांच्या मालिकेत घेतला. काही पालकांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. आम्हांस तसे वाटत नाही. मात्र तर्काला पुराव्याची जोड हवी.

एक उदाहरण पाहू. २००५ साली आलेल्या सहाव्या पुस्तकाच्या शेवटी एका खोट्या लॉकेटमध्ये चिठ्ठी सापडते. खाली सही फक्त ‘आर. ए. बी.’ अशी. ही व्यक्ती कोण? वाचक मागची पुस्तके पुन्हा चाळू लागले. ब्लॅक घराण्यातल्या सिरियसला रेग्युलस नावाचा भाऊ होता. पाचव्या पुस्तकात त्यांच्याच घराची साफसफाई करताना कोणालाही न उघडलेले एक जड लॉकेट निघाले होते. शिवाय डच अनुवादात ‘ब्लॅक’ हे आडनाव ‘काळा’ या अर्थाच्या डच शब्दाने बदललेले होते, आणि चिठ्ठीवरील शेवटचे अक्षरही त्याप्रमाणेच बदललेले होते! २००७ मधील सातव्या पुस्तकाने हा तर्क खरा ठरवला.

यातील नावांचे कोडे तर आपल्या परिचयाचे आहे. पावसाची नक्षत्रे मोजणाऱ्या निर्णा गावात मघा, स्वाती ही नावे कोणाला ठाऊक नाहीत? रेग्युलस म्हणजे मघा नक्षत्राचा ठळक तारा, आर्क्टुरस म्हणजे स्वाती. सहीतील ‘आर’ आणि ‘ए’ ही अक्षरे याच दोन ताऱ्यांच्या नावांची. सिरियस म्हणजे आपला व्याध. पाश्चात्त्य लोक त्याला श्वानतारा म्हणतात, आणि कथेतला सिरियस कुत्र्याचे रूप घेतो! हा अर्थ वाचकांनी ओढूनताणून आणलेला नाही, तो कथेतच आहे.

याउलट, रॉन हाच काळात मागे गेलेला डम्बलडोर आहे, असाही तर्क काहींनी लढवला. सातव्या पुस्तकात त्याला काहीच आधार मिळाला नाही. डम्बलडोर मेलाच नाही, असे अनेक जण मानत. २००६ साली न्यूयॉर्क येथे लेखिकेने स्वतः सांगितले, की तो खरोखर मेला आहे. तो तर्क नव्हता, ती वाचकांची इच्छा होती.

म्हणून तर्क मांडताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. पुस्तकात याला आधार कोठे आहे? तो एकाच जागी आहे की अनेक जागी? आणि याच्या विरुद्ध जाणारे काही आहे काय? तिसरा प्रश्न बहुतेक जण टाळतात, आणि फसगत तेथेच होते.

पालक व विश्वस्तांनाही आमची विनंती आहे. मुले अशा चर्चेत रमली तर त्यांना रागावू नका, ‘पान दाखव’ एवढेच म्हणा. पान शोधण्यासाठी मूल पुस्तक पुन्हा वाचेल. आणि ज्याला आधार मागायची सवय लागली, ते मूल उद्या मोबाइलवर आलेली प्रत्येक अफवा खरी मानणार नाही.