टेबलाखालचं खोकं

1977 हे तबकड्यांच्या दुनियेतलं विलक्षण साल. जानेवारीच्या अखेरीस मँचेस्टरच्या बझकॉक्स या नवख्या बँडनं पाचशे पौंड उसने घेतले आणि ‘स्पायरल स्क्रॅच’ ही चार गाण्यांची सात इंची तबकडी स्वतःच काढली. एकाही मोठ्या कंपनीचं दार त्यांनी ठोठावलं नाही. पहिल्या खेपेला हजार प्रती छापल्या आणि बघता बघता मागणी कित्येक पटींनी वाढली. पंक संगीताच्या तबकड्या गोळा करणारी जगभरची मंडळी आजही त्या पहिल्या हजारांतली एखादी प्रत मिळावी म्हणून झुरतात.

त्याच वर्षी अमेरिकेतून व्हॉयेजर ही दोन यानं निघाली. एक 20 ऑगस्टला, दुसरं 5 सप्टेंबरला. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची बारा इंची तबकडी होती आणि तीवर पृथ्वीवरच्या संगीताचे 27 नमुने. त्यातला एक सूर केसरबाई केरकरांचा, ‘जात कहाँ हो’ ही भैरवी. ती निवडली गेली खरी, पण तिची तबकडी बाजारातून केव्हाच गेलेली. शोधता शोधता न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अ‍ॅव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं दुकान सापडलं. तिथं टेबलाखालच्या खोक्यात तीन कोऱ्या प्रती पडून होत्या. दुसरं यान सुटल्यावर अकराव्या दिवशी, 16 सप्टेंबर 1977 रोजी, केसरबाई गेल्या.

ते खोकं त्या दुकानानं भंगारात काढलं असतं, तर आज आंतरतारकीय अवकाशात पोचलेल्या यानांवर ही भैरवी नसती. तबकड्यांच्या गेल्या सव्वाशे वर्षांत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. छापणाऱ्यांनी छापलं, विकणाऱ्यांनी विकलं. टिकलं मात्र तेवढंच, जे कुणीतरी खोक्यात जपून ठेवलं.

या भैरवीचा एक धागा कागलपर्यंत येतो. कागलच्या घाटगे घराण्यातले यशवंतराव 1884 मध्ये कोल्हापूरच्या गादीला दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. त्यांनी उस्ताद अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी गायक म्हणून कोल्हापुरात आणलं. खाँसाहेबांची जयपूर गायकी इथेच रुजली, बहरली आणि त्यांच्याच तालमीत केसरबाई घडल्या. पण स्वतः अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज एकाही तबकडीवर नाही. 1946 मध्ये ते गेले, तोवर हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू होऊन चाळीसहून अधिक वर्षं उलटली होती. शिष्येचा आवाज ताऱ्यांकडे निघाला आहे आणि गुरूचा आवाज कुठेच ऐकायला मिळत नाही. ध्वनिमुद्रण होणं आणि न होणं यातलं अंतर एवढं मोठं असतं.

ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला आला आणि नोव्हेंबरात गौहर जानचा आवाज मेणावर उतरला. मराठी रंगभूमी गाजवणारे भाऊराव कोल्हटकर त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. महाराष्ट्र ज्या आवाजावर वेडा झाला, तो जेमतेम पावणेदोन वर्षांनी हुकला. पुढच्या दौऱ्यांत कंपनीनं मुंबईकडचे गवई धरले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या तबकड्या 1905च्या. कुरुंदवाडला राहणारे रहिमत खाँ म्हातारपणी, देहाची उमेद सरत आलेली असताना मुद्रित झाले. 1922 मध्ये ते गेले. आज त्यांच्या मोजक्या तबकड्या संग्राहकांकडे आहेत म्हणून त्यांचं गाणं नुसतं आख्यायिकेत न राहता कानांवर तरी पडतं.

त्या काळी मुद्रण इथे व्हायचं, पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कोण गातंय हे कळावं म्हणून गाणं संपताच गायक आपलं नाव मोठ्यानं सांगत. गौहर जान इंग्रजीत नाव सांगायची. नव्यानं ऐकणाऱ्याला याचं हसू येतं. संग्राहकाच्या लेखी मात्र ही ओळख सोन्याच्या मोलाची असते, कारण वरचा कागदी लेबलचा तुकडा फाटला तरी आवाजाचा धनी कोण ते तबकडी स्वतःच सांगते. 1908 मध्ये कलकत्त्यात सियालदहला छपाईचा कारखाना सुरू झाला, 1928 मध्ये डमडमला त्याहून मोठा. ग्रामोफोन कंपनीची ‘कुत्रा छाप’ तबकडी मग मुंबई-पुण्यापासून खेड्यातल्या सावकाराच्या माडीपर्यंत पोचली.

तबकडी बनायची लाखेची. झाडावरच्या किड्यांपासून मिळणारी ही लाख मुख्यत्वे आपल्याच देशातून जगभर जात असे. तीत दगडाची भुकटी, काजळी आणि सुताचा भुसा मिसळून हे काळंभोर ताट तयार व्हायचं. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं गाणं. चावी द्यायची, नवी पोलादी पिन लावायची आणि बाजू संपली की पिन टाकून द्यायची. तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसवण्याची कसरत गवयांनी केली आणि त्यातल्या कितीएकांनी त्या तीन मिनिटांत रागाचं सगळं सार ओतलं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या 1930च्या दशकातल्या ओडियन तबकड्या ऐकाव्यात. मिरजेच्या या गवयाचा सूर त्यांनीच घरोघर नेला.

पुढे लहान कंपन्या निघाल्या आणि इथूनच या इतिहासाचं पंकशी नातं जुळतं. 1935 मध्ये मुंबईत नॅशनल ग्रामोफोन रेकॉर्ड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी उभी राहिली. वडाळ्याला तिचा कारखाना होता आणि तबकड्यांवर नाव असे ‘यंग इंडिया’. बडे गवई परदेशी कंपनीशी करारानं बांधलेले, म्हणून या स्वदेशी कंपनीनं नवख्यांना, हौशींना, नाटकमंडळीतल्या दुय्यम नटांनाही मायक्रोफोनसमोर उभं केलं. वीसेक वर्षांत कंपनी थांबली. तिच्याकडे गायलेल्या बऱ्याच जणांनी दुसरीकडे कुठे गायलंच नाही. त्यांची ‘यंग इंडिया’ तबकडी फुटली, की तो आवाज जगातून पुसला गेला.

1980च्या अखेरीस अमेरिकेत वॉशिंग्टनला शाळकरी वयाच्या पोरांनी असंच काही केलं. टीन आयडल्स हा त्यांचा बँड मोडला होता, पण कार्यक्रमांतून साठवलेले पैसे शिल्लक होते. त्या पैशांतून इयन मकाय आणि जेफ नेल्सन यांनी ‘डिसकॉर्ड’ ही कंपनी काढली आणि ‘मायनर डिस्टर्बन्स’ नावाची सात इंची तबकडी हजार प्रतींत छापली. वेष्टनासाठी एका जुन्या तबकडीचं पाकीट उकलून त्याचा नमुना घेतला. कागद कापणं, दुमडणं, डिंक लावणं सगळं घरी, हातानं. हार्डकोअर या कडव्या, वेगवान पंकचा पाया अशा घरगुती तबकड्यांवर उभा आहे. मोठ्या कंपनीला त्यात पैसा दिसला नव्हता. चाहत्यांनी त्या जपल्या म्हणून आज त्या इतिहासाचा पुरावा हाताशी आहे.

वडाळा आणि वॉशिंग्टन यांची तुलना ओढूनताणून केलेली वाटू नये. दोन्हीकडे प्रती थोड्या, विक्रीचा पसारा लहान आणि बहुतेक आवाजांना दुसरी संधी नाही. त्यामुळे दोन्हीकडचा संग्राहक एकाच तऱ्हेनं काम करतो. तबकडी हातात आली की तो आधी ती उजेडात तिरकी धरतो, चरे बघतो. मग लेबल: रंग कुठला, क्रमांक काय, गायकाचं नाव कसं छापलंय. मग लेबलाभोवतीची गुळगुळीत, रित्या खाचेची पट्टी. साच्याचा क्रमांक तिथे कोरलेला असतो आणि त्यावरून मुद्रण केव्हाचं, छपाई पहिली की नंतरची, याचा माग लागतो. पंकच्या सात इंची तबकड्यांत तर याच पट्टीवर साचा कापणाऱ्या कारागिरानं कधी हातानं चार शब्द खरडलेले असतात. या सगळ्यानंतर पिन टेकते.

इथे एक सावधगिरी हवी. मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या या लाखेच्या तबकडीच्या, म्हणजे 78च्या, खाचा रुंद असतात. नंतर आलेल्या विनाइलच्या एलपीची बारीक सुई त्यात तळाशी जाऊन खरखर वाढवते, म्हणून 78 साठी वेगळी, जाड टोकाची सुई लागते.

स्वातंत्र्यानंतरची दोन दशकं लाखेच्या तबकडीची अखेरची भरभराट होती. परदेशात 1948 मध्ये विनाइलची एलपी आली, पुढच्या वर्षी 45ची छोटी तबकडी. ब्रिटनमध्ये 78ची छपाई 1960च्या सुमारास थांबली. आपल्याकडे मात्र ती दहाएक वर्षं आणखी चालली, कारण वीज नसलेल्या गावांत चावीचा फोनोच वाजायचा. 1960च्या दशकाच्या मध्यापर्यंत डमडमला बीटल्सची गाणीसुद्धा लाखेवर छापली गेली. त्या भारतीय 78 आज जगभरच्या रॉक-संग्राहकांना हव्या असतात. इथे कुणाच्या माळ्यावर धूळ खाणारी ती तबकडी तिकडे काचेच्या कपाटात दिमाखानं बसते.

लाखेच्या तबकडीच्या या सगळ्या काळावर कोल्हापूरचा मोठा हक्क आहे. पहिला मराठी बोलपट ‘अयोध्येचा राजा’ 1932 मध्ये प्रभातनं इथेच केला. त्याचं संगीत गोविंदराव टेंब्यांचं. तेही कोल्हापूरचेच, अल्लादिया खाँसाहेबांच्या गायकीचे निष्ठावंत आणि हार्मोनियमचे बादशहा. सुधीर फडके 1919 मध्ये कोल्हापुरातच जन्मले. नाट्यपद, भावगीत, लावणी, चित्रपटगीत असं सगळं रेकॉर्डवर येत गेलं. लग्नाच्या मांडवात, उरुसाच्या जत्रेत लाऊडस्पीकरवाल्याच्या पेटीतून त्या रेकॉर्डी निघत, कर्ण्यातून गाणं आख्ख्या गावावर पसरे आणि रात्रभर वाजून वाजून खाचा पांढऱ्या पडत. ज्या रेकॉर्डी लोकांनी सर्वांत जास्त ऐकल्या, त्यांच्याच धड प्रती आज सर्वांत कमी मिळतात.

मग कॅसेट आली. 1980च्या दशकात तिनं तबकडीला दारातून बाहेर काढलं आणि 1990च्या दशकात सीडीनं उरलंसुरलं आवरलं. घराघरांतून फोनो माळ्यावर गेले, तबकड्या किलोच्या भावानं निघाल्या. नेमक्या याच पडत्या काळात, 1990 मध्ये मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करणारे सुरेश चांदवणकर यांनी तिचा भार वर्षानुवर्षं वाहिला. सभासद एकत्र जमून तबकड्या ऐकत, ‘द रेकॉर्ड न्यूज’ हे नियतकालिक काढत, गायक-गायिकांच्या तबकड्यांच्या याद्या क्रमांकांसह छापत. अशी यादी म्हणजे रुक्ष आकडे नव्हेत. एखाद्या कलावंतानं नेमकं काय गायलं, त्यातलं काय सापडलं आणि काय अजून सापडायचंय, हे त्या यादीशिवाय कळत नाही. विद्यापीठांनी आणि सरकारी खात्यांनी करायचं काम नोकरदार, निवृत्त, हौशी माणसांनी पदरमोड करून केलं, हे महाराष्ट्रानं विसरू नये.

आता विनाइलचे दिवस पुन्हा आले आहेत. अमेरिकेत 2022 मध्ये सीडींपेक्षा विनाइल तबकड्या जास्त विकल्या गेल्या, 1987 नंतर पहिल्यांदाच. मुंबईत काळा घोडा भागातलं ऱ्हिदम हाऊस हे संगीताचं दुकान 2016 मध्ये बंद झालं, पण माहीमला तबकड्यांचं नवं दुकान रुळलं आहे. तरुण पोरं एलपी विकत घेतात, त्यात परदेशी पंकही असतं आणि जुनी हिंदी गाणीही. ही आनंदाची गोष्ट आहे. मात्र नवी छपाई होते ती खपणाऱ्या नावांची. ‘यंग इंडिया’वर एकदाच गाऊन गेलेल्या गायिकेची तबकडी कुणी पुन्हा छापणार नाही. ती जिथे आहे तिथेच वाचवावी लागेल.

कागल, मुरगूड, निपाणी, कुरुंदवाड या पट्ट्यातल्या जुन्या वाड्यांत, बंद पडलेल्या लाऊडस्पीकरच्या दुकानांत अशा पेट्या अजून असतील. त्यांना धोका आहे तो घाईचा, दमट पावसाळ्याचा आणि चुकीच्या साफसफाईचा. लाखेच्या तबकडीला स्पिरिट लावायचं नाही, लाख त्यात विरघळते. कोमट पाण्यात साबणाचे दोन थेंब टाकून मऊ फडक्यानं खाचेच्या दिशेनं पुसायची, लेबल कोरडं ठेवायचं आणि लगेच टिपून घ्यायची. एकावर एक थप्पी न रचता ताटं मांडणीत लावतात तशा उभ्या ठेवायच्या, उन्हापासून आणि चुलीपासून लांब. जुन्या मुद्रणांबाबत कायद्याचीही मोठी आडकाठी नाही. आपल्याकडे ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर 60 वर्षं टिकतो. तेव्हा 1960 पूर्वीच्या तबकडीवरच्या मुद्रणाचा हक्क आता संपलेला आहे; गीत-चालीवरचा हक्क उरला नसेल, तर ते संगणकावर उतरवून इतरांना ऐकवता येतं.

घर आवरायला काढलंत आणि अशी पेटी निघाली, तर भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एक दुपार तिला द्या. वहीत चार रकाने आखा: कंपनी, क्रमांक, गायक, गाण्याचा मुखडा. एकेक लेबल पुसून वाचा आणि उतरवून काढा. मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या आणि ती यादी एखाद्या जाणत्या संग्राहकाला किंवा कोल्हापूरच्या देवल क्लबसारख्या जुन्या संगीतसंस्थेतल्या जाणकाराला दाखवा. तबकडी ठेवायची की द्यायची हे त्यानंतर ठरवा.