बिनतारी माऊस अडला, तर काम का अडावे?



आता गावोगावच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर आला आहे. आपले सरकार सेवा केंद्रात उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, जन्माचा दाखला असे नाना कागद त्याच्यावर निघतात. पूर्वी दौत-टाक होता, आता कॉम्प्युटर आहे. काम तेच. पण टाक मोडला तर दुसरा घेता येई. कॉम्प्युटर अडला की सगळे हात बांधून बसतात.

डोंगरातल्या वाडीवरून एखादी बाई पोलादपूरला किंवा महाडला दाखल्यासाठी उतरते. त्या दिवसाची मजुरी बुडते. एसटीचे भाडे पडते. आणि केंद्रात गेल्यावर कानावर येते, "आज माऊस चालत नाय. उद्या या." उद्या म्हणजे पुन्हा मजुरी बुडणार, पुन्हा भाडे पडणार. श्रावणबाळ योजनेचा किंवा मुलाच्या शाळेचा कागद असेल, तर मुदतही टळायची.

खरे पाहता पुष्कळ वेळा कॉम्प्युटर धडधाकट असतो. माऊसच्या पोटातला सेल तेवढा संपलेला असतो! एका सेलापायी माणसाचा दिवस फुकट जावा, हे बरे नव्हे. म्हणून बिनतारी माऊस कसा चालतो आणि अडला तर काय पाहावे, ते आज आम्ही सांगणार आहोत.

माऊस म्हणजे काय?

माऊस म्हणजे इंग्रजीत उंदीर. हातात मावेल एवढी ही वस्तू असते. ती टेबलावर सरकवली की पडद्यावरचा बाण सरकतो. बटण दाबले की कॉम्प्युटरला हुकूम मिळतो. अमेरिकेतल्या डग्लस एंगेलबार्ट नावाच्या संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को शहरात माऊस लोकांपुढे चालवून दाखवला. त्याआधी केलेला पहिला नमुना चक्क लाकडी होता. मागे तार होती, ती शेपटीसारखी दिसे. म्हणून नाव पडले उंदीर.

आता बऱ्याच माऊसना ही शेपटी राहिलेली नाही. अक्षरे टाईप करायचा कीबोर्डही बिनतारी मिळतो. कानाला लावायचा फोन मिळतो, आवाजाचा स्पीकर मिळतो. मग तार नसताना हे कॉम्प्युटरशी बोलतात कसे?

बिन तारेचे बोलणे

एका वाडीवरून दुसऱ्या वाडीला आपण हाळी देतो. मध्ये दोरी नसते, तरी हाक पोचते. कारण आवाजाच्या लहरी हवेतून जातात. माऊसही अशीच हाळी देतो. फक्त ती आवाजाची नसते, रेडिओच्या लहरींची असते. ती कानाला ऐकू येत नाही आणि डोळ्याला दिसत नाही.

आपल्या देशात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कलकत्त्यात हा चमत्कार लोकांना दाखवला. त्यांनी तारेवाचून दूरची घंटा वाजवून दाखवली. तीच विद्या पुढे वाढत गेली. तिच्यातून रेडिओ आला, मोबाईल आला आणि हा माऊसही आला.

आमच्या पिढीने रेडिओ पाहिला आहे. त्याची काडी फिरवून केंद्र लावावे लागे. काडी जरा इकडेतिकडे झाली की नुसती खरखर. याचा अर्थ असा, की बोलणारा आणि ऐकणारा एकाच पट्टीवर असले पाहिजेत. बहुतेक बिनतारी माऊसची पट्टी अशी असते, की तिच्या लहरी एका सेकंदात सुमारे २४० कोटी वेळा हेलकावतात!

तेव्हा घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन काढावे लागे. माऊसला मात्र लायसन लागत नाही. भारत सरकारने २००५ साली या पट्टीवरची थोड्या ताकदीची यंत्रे परवान्यातून मोकळी केली. ताकद थोडी, म्हणून पल्लाही थोडा. साधारण १० मीटर, म्हणजे तीस-बत्तीस फूट.

एका कचेरीत चार माऊस असले तर घोटाळा होत नाही का? होत नाही. पत्रावर जसा पत्ता असतो, तसा प्रत्येक माऊसला आपला नंबर असतो. ज्याची ज्याच्याशी ओळख करून दिली, त्याचेच तो ऐकतो. ही ओळख करून देणे म्हणजेच जोडणे.

दोन जाती

बिनतारी माऊस दोन जातींचा असतो.

पहिली जात रिसीव्हरची. या माऊसबरोबर बोटाच्या नखाएवढा एक तुकडा येतो. त्याला रिसीव्हर म्हणतात, कोणी डोंगल म्हणतात. तो कॉम्प्युटरच्या यूएसबी खाचेत बसवायचा. दोघांची ओळख कारखान्यातच करून दिलेली असते. म्हणून हा तुकडा जिवापाड जपावा. तो हरवला तर बहुधा माऊस मुका होतो. दुसऱ्या माऊसचा तुकडा त्याला सहसा चालत नाही. पुष्कळ माऊसच्या पोटात, सेलाशेजारी, हा तुकडा ठेवायला जागा केलेली असते. नवा माऊस घेतला आणि तुकडा दिसला नाही, तर आधी तिथे पाहावे. खोका घाईने फेकू नये.

दुसरी जात ब्लूटूथची. हिला वेगळा तुकडा लागत नाही. कॉम्प्युटरच्या पोटातच ऐकण्याची सोय असावी लागते. जुन्या टेबलावरच्या कॉम्प्युटरात ती पुष्कळदा नसते. म्हणून विकत घेताना दुकानदाराला विचारून घ्यावे.

ब्लूटूथ या नावाची गंमत आहे. इंग्रजीत त्याचा अर्थ निळा दात. हजार वर्षांपूर्वी डेन्मार्क देशात हॅराल्ड नावाचा राजा होता. 'निळा दात' हे त्याचे टोपणनाव. त्याने फुटीर लोकांना एकत्र आणले, अशी त्याची ख्याती. १९९८ साली पाच मोठ्या कंपन्यांनी एकत्र येऊन वेगवेगळी यंत्रे जोडणारी ही पद्धत पुढे आणली. माणसे जोडणाऱ्या राजाचे नाव तिला मिळाले.

जोडायचा कसा?

रिसीव्हरचा माऊस जोडणे सोपे. सेल घाला. रिसीव्हर खाचेत बसवा. माऊसच्या पोटाकडे बारीक खटका असतो, तो चालू करा. मिनिटभर थांबा. बाण हलू लागतो.

ब्लूटूथचा माऊस जोडायला चार पायऱ्या आहेत.

१. माऊस चालू करा. जोडण्याचे बटण काही सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकू लागेल. म्हणजे माऊस 'मी इथे आहे' अशी हाळी देत आहे.

२. कॉम्प्युटरवर 'सेटिंग्ज' उघडा. त्यात 'ब्लूटूथ' शोधा. तिथला खटका चालू आहे ना, ते पाहा.

३. 'अ‍ॅड डिव्हाइस' म्हणजे 'नवी वस्तू जोडा'. ते दाबा. जवळपासच्या वस्तूंची यादी येते.

४. यादीत आपल्या माऊसचे नाव दिसले की त्यावर दाबा. जोडल्याचा निरोप येतो.

कीबोर्ड जोडताना कधी पडद्यावर काही आकडे येतात. तेच आकडे नव्या कीबोर्डवर टाईप करून 'एंटर' दाबायचे. पाहुण्याला दारात 'कोण?' म्हणून विचारावे, तसेच हे आहे. यादीत अनोळखी नाव दिसले तर ते जोडू नये. अनोळखी वस्तूने आपण होऊन जोडण्याची परवानगी मागितली, तर ती देऊ नये.

तुम्ही विचाराल, "अहो, माऊसच चालत नाही, तर सेटिंग्ज उघडायचे कशाने?" प्रश्न बरोबर आहे. विंडोजच्या कॉम्प्युटरवर कीबोर्डनेही काम होते. खिडकीचे चित्र असलेले बटण दाबून धरा आणि इंग्रजी 'आय' दाबा. सेटिंग्ज उघडते. 'टॅब' आणि बाणांच्या बटणांनी पुढेमागे जा. 'एंटर' दाबले की आत शिरता येते.

अडला तर पाच प्रश्न

वैद्य आधी नाडी पाहतो, मग औषध देतो. आपणही क्रमाने पाहावे. सोपे आधी, अवघड मागून.

पहिला प्रश्न: सेलात जीव आहे का? बहुतेक माऊसमध्ये पेन्सिल सेल असतो. काहींत त्याहून बारका असतो. नवा सेल घालून पाहा. सपाट बाजू स्प्रिंगकडे असावी. नव्या माऊसमध्ये सेलापाशी प्लॅस्टिकची पट्टी असते, ती ओढून काढली का? चार्जिंगचा माऊस असेल तर अर्धा तास तारेला लावा. बाण अडखळत चालतो, मध्येच थांबतो, हे पुष्कळदा सेल उतरल्याचे लक्षण असते.

दुसरा प्रश्न: खटका चालू आहे का? पिशवीत घालताना तो बंद होतो. काही माऊसखाली तांबडा दिवा दिसतो, काहींचा दिवा डोळ्याला दिसतच नाही. म्हणून नुसत्या दिव्यावर निकाल देऊ नये.

तिसरा प्रश्न: रिसीव्हर नीट बसला आहे का? तो काढून दुसऱ्या खाचेत घाला. दुसऱ्या खाचेत चालला, तर दोष पहिल्या खाचेचा. माऊसचा नव्हे.

चौथा प्रश्न: मध्ये आडकाठी आहे का? घाटात डोंगर आड आला की मोबाईलची रेंज जाते. तसेच इथेही होते. कॉम्प्युटरचा डबा लोखंडी टेबलाखाली आणि रिसीव्हर त्याच्या मागे, मग हाळी पोचणार कशी? रिसीव्हर पुढच्या खाचेत आणा. काही खाचा आतून निळ्या असतात. त्यांत पेनड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क चालू असली, तर शेजारच्या रिसीव्हरला खरखर होते. रिसीव्हर त्यांच्यापासून दूर लावा. आणि माऊस काचेवर सरकत नसेल, तर खाली साधा कागद घाला. काचेवर त्याला आपली चाल ओळखता येत नाही.

पाचवा प्रश्न: त्याची ओळख दुसऱ्याशीच तर झाली नाही? हे ब्लूटूथमध्ये फार होते. शाळेतला स्पीकर कॉम्प्युटरला जोडायचा असतो. पण तो आधीच गुरुजींच्या मोबाईलला जोडलेला असतो. गुरुजी आवारात आले की स्पीकर त्यांच्याकडे धावतो! अशा वेळी मोबाईलचे ब्लूटूथ बंद करावे. तरीही जमले नाही, तर सेटिंग्जमध्ये त्या स्पीकरचे नाव शोधून जुनी ओळख पुसावी. तिथे 'रिमूव्ह' असे लिहिलेले असते. मग नव्याने जोडावे.

पाचही प्रश्न झाले आणि तरी चालेना, तर कॉम्प्युटर रीतसर बंद करून पुन्हा चालू करावा. शेवटी तोच माऊस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून पाहावा. तिथेही मुका राहिला, तर माऊस गेला. तिथे चालला, तर दोष कॉम्प्युटरात. मग जाणत्या कारागिराला बोलवावे. पण तोवर लोकांना परत पाठवू नये. कपाटात तारेचा एक माऊस राखून ठेवला, की काम चालू राहते. त्याला ना सेल लागतो, ना रिसीव्हर.

कोकणचा पाऊस आणि पुराचे पाणी

आपल्याकडे चार महिने ओल असते. भिंतीला बुरशी येते, मग सेलाच्या पत्र्याला गंज का येणार नाही? माऊस फार दिवस वापरायचा नसेल तर सेल काढून ठेवावा. पत्र्यावर गंज दिसला तर सेल काढून, कोरड्या फडक्याने किंवा खोडरबराने हलके पुसावा. सेल फुटून पांढरी पूड आली असेल, तर ती उघड्या हाताने धरू नये आणि नंतर हात धुवावेत.

२२ जुलै २०२१ चा पूर महाडकर विसरणार नाहीत. सावित्रीचे पाणी बाजारपेठेत शिरले. दुकानांची आणि कचेऱ्यांची दैना झाली. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळली आणि कितीतरी माणसे गेली. त्या दुःखापुढे यंत्राचे मोल ते काय? आधी माणूस, मग यंत्र. तरी एवढे ध्यानात असावे. भिजलेला माऊस लगेच चालू करून पाहू नये. सेल काढावा, पाणी निथळू द्यावे, दोन-तीन दिवस वाऱ्यावर वाळवावा. भिजलेला कॉम्प्युटर तर जाणत्याने तपासल्याशिवाय विजेला लावूच नये. वीज आणि पाणी यांचे वैर जिवावर बेतते.

हे कोणी शिकावे?

कोणी म्हणेल, "हे केंद्रातल्या पोराचे काम. आम्हाला काय करायचे?" आम्ही म्हणतो, करायचे आहे. ज्याला सायकलची चेन बसवता येते, त्याला सेल बदलता येतो. कंदिलाची काच पुसणाऱ्या हाताला रिसीव्हर बसवणे जड नाही. आणि ज्याला ठाऊक आहे, त्याला गोड शब्दांत विचारता येते, "दादा, सेल बदलून पाहिलात का? तारेचा माऊस आहे का?" यात भांडण नाही, उपमर्द नाही. त्या पोरालाही मदतच होते.

यंत्राला हात जोडून बसू नये आणि यंत्रावर हात उगारूही नये. त्याला एकेक प्रश्न विचारावा. आणि ग्रामसभेत एवढी सूचना जरूर मांडावी, की केंद्राच्या खणात दोन सेल आणि तारेचा एक माऊस कायम असावा.

ध्यानात ठेवा

सेल, खटका, रिसीव्हर, आडकाठी, जुनी ओळख. हाताची पाच बोटे, तसे हे पाच प्रश्न. करंगळीपासून सुरुवात करून रोज एकदा मोजा. आठ दिवसांत पाठ होतील.