हिवाळ्यात तट्टांची चराई

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेतून तट्टू आणलं, तर ते सगळ्या कुरणात मोकळं सोडू नका. गाय-बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. घोड्याला वर-खाली दोन्हीकडे असतात. म्हणून ते गवत पार मुळाशी खुडतं. हिवाळ्यात ओल कमी, फुटवा मंद. मारवेल, पवन्या विरळ होतात नि कुसळी माजते.

यासाठी :

१) कुरणाचे चार भाग पाडा.

२) गवत चार बोटं उरलं की जनावर पुढच्या भागात न्या.

३) लीद उचलून खड्ड्यात टाका, तिच्यात जंताची अंडी असतात.

४) कापलेल्या ज्वारीचे कोवळे फुटवे चारू नका, विषबाधा होते.

५) वाळलेलं गवत, पाणी, मीठ रोज द्या.

आज राखलेलं ठोंबच पावसाळ्यात फुटेल.