आपलं पाणी, आपला उन्हाळा आणि सिक्लिड : एका टाकीत कोणते मासे नांदतात?

आजचा विषय घरच्या काचेच्या टाकीतल्या सिक्लिड माशांचा आहे. सिक्लिड हा शब्द नवा वाटेल, पण मासा आपल्या ओळखीचा आहे. गोदावरीत, मांजरेत, गावच्या तलावात जाळ्याला लागणारी चिलापी, म्हणजे तिलापिया, हा सिक्लिडच. तो मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात १९५२ साली आणला गेला आणि मग सगळीकडे पसरला. चिलापीचा नर तळाशी खड्डा करतो, त्याची राखण करतो, दुसरा नर आला की अंगावर धावून जातो. मादी अंडी तोंडात घेऊन सांभाळते. दुकानातल्या निळ्या-पिवळ्या सिक्लिडचा स्वभाव नेमका हाच. जागेवर हक्क सांगायचा, पिल्लांची राखण करायची आणि त्यापायी भांडायचं.

आता नांदेड-लातूरच्या दुकानांत काय दिसतं? दीड-दोन इंचांची रंगीत पिल्लं एकाच टाकीत भरलेली असतात आणि वर पाटी असते ‘मिक्स सिक्लिड’. त्यात मलावीचे मासे असतात, पॅरट असतो, ऑस्कर असतो, कधी फ्लॉवरहॉर्नचं पिल्लूही असतं. आपण प्रत्येक रंगाचा एकेक उचलतो. चार-सहा महिने सगळं छान चालतं, कारण पिल्लांना जागेचा हक्क कळत नसतो. मासे वयात आले की एकेक जण कोपऱ्यात जातो, शेपट्या फाटतात आणि शेवटी टाकीत एकच दादा उरतो. लोक म्हणतात, मासा वाईट निघाला. मासा वाईट नसतो, निवड चुकलेली असते.

निवडीची सुरुवात माशापासून करू नका, पाण्यापासून करा. मराठवाडा काळ्या पाषाणावर बसलेला आहे. बोअरचं पाणी या खडकातून येतं, त्यामुळे ते बहुधा जड असतं. हीटरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, साबणाला फेस येत नाही, हे कुणाला सांगायला नको. शेतकरी मंडळींना सामू हा शब्द माहीत आहे, मातीच्या तपासणीत असतो तोच. बोअरच्या पाण्याचा सामू अनेकदा साडेसात ते साडेआठच्या मध्ये येतो. विष्णुपुरीचं किंवा मांजरा धरणाचं नळाला येणारं पाणी त्यामानाने हलकं असतं, पण नळ रोज येतोच असं नाही. म्हणून एका टाकीत वर्षभर दोन-तीन प्रकारचं पाणी पडतं : कधी नळाचं, कधी बोअरचं, कधी टँकरचं. तेव्हा मासा असा हवा की जो जड पाण्यात खूश राहील आणि पाण्यातला थोडा फरक सोसेल.

या कसोटीवर सिक्लिडचे ढोबळ चार गट करू.

पहिला गट आफ्रिकेतल्या मलावी सरोवराचा. यलो लॅब, ऑराटस, केन्यी, पीकॉक ही नावं ऐकली असतील. सामू पावणेआठ ते साडेआठ, तापमान २४ ते २८ अंश. आपल्या पाण्याला हे मासे जुळतात.

दुसरा गट टांगानिका सरोवराचा. तिथलं पाणी आणखी जड, सामू नऊच्या आसपास. फ्रंटोसा हा तिथला मोठा मासा. तिथेच शिंपल्यात राहणारे, जेमतेम दीड इंचाचे छोटे सिक्लिडही आहेत.

तिसरा गट दक्षिण अमेरिकेचा : एंजल, डिस्कस, रॅम, ऑस्कर. यातल्या डिस्कस आणि रॅमला मऊ, किंचित आम्ल पाणी लागतं. बोअरच्या पाण्यावर डिस्कस पाळायचा तर कायम आरओचं पाणी लागेल. फार्मवर वाढलेला एंजल थोडा सोशिक असतो. नळाच्या पाण्यात तो राहू शकतो.

चौथा गट मध्य अमेरिकेचा. काळे-पांढरे पट्टे असलेला कन्व्हिक्ट त्यातलाच, दुकानदार त्याला कधी झेब्रा म्हणतात. जड पाणी त्याला चालतं. फ्लॉवरहॉर्न मात्र कुठल्याच नदीतला नाही. तो १९९० च्या दशकात मलेशियात संकर करून तयार केलेला मासा आहे, पण त्याचे पूर्वज याच भागातले. त्याला टाकीत एकट्यानेच ठेवावं लागतं.

पहिला नियम इथेच मिळतो. वेगवेगळ्या गटांची खिचडी करू नका. मलावी आणि एंजल एकत्र ठेवले तर दोघांपैकी एकाला पाणी कायम चुकीचंच मिळणार.

दुसरा नियम खाण्याचा. मलावीतले खडकावरचं शेवाळ खाणारे मासे आतड्याने लांब असतात. त्यांना मांसाहारी माशांचं जड खाद्य रोज मिळालं की पोट फुगतं, आणि हा आजार बरा होणं अवघड असतं. म्हणून शेवाळ खाणारे आणि मासे खाणारे एका टाकीत नकोत. तिसरा नियम आकाराचा. ऑस्कर फूटभर वाढतो आणि तोंडात मावेल ते गिळतो. चौथा नियम रंगाचा. सिक्लिडचा नर स्वतःसारखा रंग आणि पट्टे असलेल्या नरालाच आधी शत्रू समजतो. दोन निळे पट्टेवाले एकत्र आणण्यापेक्षा एक पिवळा, एक निळा असा फरक ठेवा. पाचवा नियम नर-मादीचा. मलावीत एका नरामागे तीन-चार माद्या असल्या तर एकाच मादीचा पिच्छा पुरवला जात नाही.

हे नियम कुठल्याही पुस्तकात मिळतील. पण पुस्तकात सहावा नियमही असतो, आणि आज मुख्य बोलायचं आहे ते त्यावरच. तो सांगतो की मलावीची टाकी दाटीवाटीने भरा, म्हणजे दादा माशाचा राग एकावर न निघता सगळ्यांत वाटला जाईल. हा उपाय खरा आहे. पण त्याची किंमत पाण्यात मोजावी लागते.

हिशेब करून बघू. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत साधारण २२० लिटर पाणी बसतं. दाटीची टाकी असेल तर आठवड्याला निदान ३० टक्के पाणी बदलावं लागतं, म्हणजे ६५ लिटरच्या पुढे. महिन्याला २६० लिटर झाले. आपल्याकडे घराघरात असतो तो निळा ड्रम २०० लिटरचा. म्हणजे महिन्याला सव्वा ड्रमपेक्षा जास्त पाणी फक्त माशांना. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला १० वाघिणी होत्या आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. अशा वर्षी दाटीची टाकी चालवणं घरातल्या माणसांनाही पटत नाही आणि आपल्यालाही पटू नये.

पाणी बदललं नाही तर काय होतं? माशाच्या लघवी-विष्ठेतून अमोनिया निघतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट साठत जातं आणि साध्या टाकीत ते बाहेर काढायचा खरा मार्ग पाणी बदलणं हाच. त्यात वीज गेली की फिल्टर थांबतो आणि अमोनिया तसाच राहतो. आणि इथे आपलं जड पाणी उलटतं. अमोनियाचा विषारी भाग सामूवर अवलंबून असतो. २८ अंशांच्या पाण्यात सामू ७ असेल तर एकूण अमोनियापैकी एक टक्क्याहूनही कमी भाग विषारी रूपात असतो. सामू ८.२ झाला की तोच भाग दहा टक्क्यांच्या आसपास जातो. म्हणजे तितक्याच घाणीत विष दहा-पंधरा पट. जे पाणी मलावीच्या माशांना मानवतं, त्याच पाण्यात दाटी जास्त घातक ठरते. दाटीचा सल्ला पाणी आणि वीज चोवीस तास असलेल्या गावासाठी आहे. आपल्याकडे भरवसा नाही तो नेमका याच दोन गोष्टींचा.

मग भांडण कमी कसं करायचं? संख्येने नाही, निवडीने.

एक : मलावी हवेच असतील तर शांत जात घ्या. यलो लॅब मलावीच्या खडकवासी माशांत सर्वांत मवाळ. चार फुटी टाकीत सहा ते आठ यलो लॅब, एवढंच. ऑराटस आणि केन्यी दिसायला कितीही देखणे असले तरी दुकानातच राहू द्या. किंवा पीकॉकचे पाच-सहा वेगवेगळ्या रंगांचे फक्त नर ठेवा. मादी नाही म्हटल्यावर भांडणाचं मोठं कारण जातं. शिवाय पीकॉकच्या माद्या सगळ्या सारख्याच करड्या दिसतात, त्यातून नको ते संकर होतात, तेही टळतं.

दोन : जागा आणि पाणी दोन्ही कमी असेल तर टांगानिकाचे शिंपल्यातले मासे. दोन बाय एक बाय एक फुटाची टाकी, सुमारे ५० लिटर पाणी, खाली बारीक वाळू आणि गोगलगायीचे वीस-पंचवीस रिकामे शिंपले, उकळून स्वच्छ केलेले. सहा-सात माशांचं कुटुंब इथे मजेत वाढतं. आठवड्याला १० लिटर पाणी बदललं तरी चालतं, म्हणजे बादलीभरही नाही. लहान गावातल्या दुकानात हे मासे सहसा मिळत नाहीत, आधी सांगून मागवावे लागतात.

तीन : कन्व्हिक्टची एक जोडी, टाकीत दुसरं कुणी नाही. आई-बाप पिल्लांना घेऊन फिरतात ते दृश्य मुलांना दाखवावं असं असतं. फक्त पिल्लं फार होतात, त्यांची सोय आधी ठरवा.

चार : आपल्या देशातला सिक्लिड, ऑरेंज क्रोमाइड. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांतला, बोटाएवढा, नारिंगी. जड पाणी त्याला आवडतं. पाच-सहांचा गट तीन फुटी टाकीत चांगला राहतो.

कुठलाही गट घ्या, दगडांची रचना अशी करा की एका कोपऱ्यातल्या माशाला दुसरा कोपरा दिसू नये. जो दिसत नाही त्याच्याशी भांडण होत नाही. काळा पाषाण बिनधास्त वापरा. शहाबादी फरशीचे तुकडे चुनखडीचे असतात, ते पाणी आणखी जड करतात. मलावी-टांगानिकाला चालतील, एंजलला नको.

आता थोडे प्रश्न आले आहेत, ते घेऊ.

मे महिन्यात टाकीचं पाणी ३४ अंशांवर जातं. काय करावं?

गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम असतो, ३४ ला तो ७ वर येतो. आणि गरमीत माशाला तो जास्त लागतो. झाकण काढून वर जाळी टाका, पृष्ठभागावर छोटा पंखा लावा, दिवा बंद ठेवा, खाद्य निम्मं करा. बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असूच द्या. पंख्याने पाणी उडून जातं, पण क्षार मागेच राहतात. म्हणून उडालेलं पाणी भरताना बोअरचं नको, आरओचं किंवा जारचं घाला. आणि नुसती भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे, हेही लक्षात ठेवा.

आरओमधून बाहेर पडणारं पाणी टाकीला चालेल का?

त्यात मूळ पाण्याचेच क्षार जास्त दाट झालेले असतात. घरचा टीडीएस कमी असेल तर आफ्रिकन माशांना ते थोडं मिसळून चालू शकतं. पण आपल्याकडच्या बोअरमध्ये नायट्रेट मुळातच जास्त असू शकतं, तेही दाट होतं. नायट्रेटची तपासणी केल्याशिवाय वापरू नका.

इतकं पाणी वाया जातं, त्याचं काय?

वाया घालवायचं कशाला? टाकीतून काढलेल्या पाण्यात नायट्रेट असतं, म्हणजे झाडाला खतच. कुंड्यांना, दारातल्या लिंबाला, परसातल्या कढीपत्त्याला ते घाला. झाडांना द्यायचंच होतं ते पाणी आधी टाकीतून फिरवून आणलं, असा हिशेब ठेवला की घरात वादही होत नाही.

मासे नकोसे झाले तर गोदावरीत सोडले तर चालतील? पुण्यच नाही का?

नाही. हे कृपा करून करू नका. पूर्व आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरात १९५० च्या दशकात नाइल पर्च हा मोठा मासा बाहेरून आणून सोडला. पुढच्या काही दशकांत तिथल्या सिक्लिडच्या कितीतरी जाती नाहीशा झाल्या. आपल्या नद्यांत चिलापी आहे, टाक्यांतून सुटलेला सकर मासा देशात अनेक ठिकाणी पसरला आहे, आणि त्याचा भार जाळं टाकणाऱ्या माणसावर पडतो. मोठा झालेला ऑस्कर किंवा फ्लॉवरहॉर्न दुकानदाराला परत द्या, मोठी टाकी असलेल्या माणसाला द्या. त्याहून बरं म्हणजे घेतानाच विचारा : हा पूर्ण वाढल्यावर किती होतो, काय खातो, आणि आठवड्याला किती पाणी मागतो? तिन्ही उत्तरं आपल्या घरात बसत असतील तरच पिशवी हातात घ्या.