वनभूमीचा जमाखर्च

शेतजमिनीला खत न घातल्यास तिचा कस हळूहळू उतरतो. अरण्याला मात्र कोणीही खत घालीत नाही. तरीही तेथे शतकानुशतके वृक्ष वाढत राहतात. याचे कारण उघड आहे. शेतातील पोषकद्रव्ये पिकाबरोबर बाहेर नेली जातात. अरण्यात ती बहुतांशी फिरून जमिनीकडेच येतात. गळलेल्या पालापाचोळ्याचे बुरशी व जीवाणू विघटन करतात आणि त्यातून मोकळी झालेली नत्र, पालाश, चुना इत्यादी द्रव्ये मुळे पुन्हा शोषून घेतात.

परंतु पावसाच्या पाण्याबरोबर ही विद्राव्य द्रव्ये वाहून का जात नाहीत? अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यात, हबर्ड ब्रूक येथील प्रायोगिक वनात, या प्रश्नाचा उलगडा झाला. तेथील खडक जवळजवळ अभेद्य असल्यामुळे जमिनीत मुरलेले पाणी अखेर ओढ्यावाटेच बाहेर पडते. म्हणून १९६३ पासून बोरमन, लायकेन्स आणि त्यांचे सहकारी यांनी पावसातून येणाऱ्या व ओढ्यातून जाणाऱ्या द्रव्यांचा हिशेब ठेवण्यास आरंभ केला. अभंग वनात पावसातून जेवढे नत्र येई, त्याहून कमीच ओढ्यातून बाहेर जाई.

१९६५ च्या अखेरीस तेथील १५.६ हेक्टरांच्या एका पाणलोट क्षेत्रातील सर्व झाडे तोडण्यात आली. मातीची धूप होऊ नये म्हणून लाकूड जागीच ठेवले आणि पुढील तीन उन्हाळ्यांत तणनाशक फवारून नवी वाढ रोखली. पहिल्या वर्षी ओढ्याचे पाणी अपेक्षेपेक्षा ३९ टक्क्यांनी वाढले. त्यातील नायट्रेटचे प्रमाण पहिल्या वर्षी ४१ पट, तर दुसऱ्या वर्षी ५६ पट झाले. पिण्याच्या पाण्यासाठी ठरविलेली मर्यादाही त्याने ओलांडली.

असे का घडले? झाडे गेली तरी पालापाचोळा कुजण्याचे थांबले नव्हते. थांबले होते ते मुळांचे शोषण. जीवाणूंनी तयार केलेले नायट्रेट मातीच्या कणांना धरून राहत नाही. शिवाय ते तयार होताना आम्लता वाढते आणि कणांना चिकटलेला चुना व पालाशही सुटून वाहू लागतात.

फवारणी थांबल्यावर नवी झाडे उगवली आणि काही वर्षांतच ही गळती ओसरली. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. वनभूमीची सुपीकता सांभाळण्याचे काम माती एकटी करीत नाही. जिवंत मुळे तिचे धन राखीत असतात. म्हणूनच तोडलेल्या वनात नवी वाढ लवकर होऊ देणे, हाच त्या भूमीच्या रक्षणाचा खरा मार्ग होय.