रडायचं काम वस्तूंकडे

1971 साली जपानमधल्या एका गाण्यात एक जोडपं वेगळं होतं. दोघं मिळून दार लावून घेतात, दोघं मिळून दारावरची नावं पुसतात आणि चालू लागतात. कोणाचं चुकलं, काय बिनसलं, याबद्दल चकार शब्द नाही. उलट कारणांची उजळणी करायची नाही असंच दोघांचं ठरलेलं दिसतं. कियोहिको ओझाकीने दणदणीत आवाजात गायलेलं ‘माता आउ हि मादे’ म्हणजे ‘पुन्हा भेटेपर्यंत’ हे ते गाणं. शब्द यू आकूचे, चाल क्योहेई त्सुत्सुमीची, आणि त्या वर्षीचा जपान रेकॉर्ड पुरस्कारही त्यालाच मिळाला. त्याआधीच्या लोकप्रिय गाण्यांत टाकून दिलेली बाई बंदरावर नाहीतर दारूच्या पेल्यापाशी रडत बसलेली असायची. इथे रडणारं कोणी नाही, पुसलेली पाटी तेवढी आहे. तिथून पुढच्या अर्ध्या शतकातली जपानी विरहगीतं सलग ऐकली, की एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. ही गाणी रडायचं काम माणसाकडे देत नाहीत, वस्तूकडे देतात. जपानीत अशा गाण्यांसाठी ‘सेत्सुनाई’ असं विशेषण वापरतात. त्याला ‘दुःखद’ म्हणणं चूक आहे. मराठीत त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा शब्द म्हणजे ‘हुरहूर’. आणि हुरहूर मनाला लागते खरी, पण ती लागायला समोर काहीतरी पडलेलं असावं लागतं.

1973च्या सप्टेंबरात आलेलं ‘कांदागावा’ घ्या. (कांद्याने डोळ्यांत पाणी येतं, पण हा कांदा वेगळा, ही तोक्योतली एक नदी.) माकोतो किताजोचे शब्द, कोसेत्सु मिनामीची चाल आणि ‘कागुयाहिमे’ हा तिघांचा गट. नदीकाठी तीन तातामी चटयांएवढी भाड्याची खोली, म्हणजे जेमतेम पाच चौरस मीटर. न्हाणीघर नाही, म्हणून दोघं सार्वजनिक स्नानगृहात जातात. बरोबरच बाहेर पडायचं ठरलेलं असतं, पण तिलाच दरवेळी थांबावं लागतं. ओले केस गारठतात आणि हातातल्या डबीत साबणाची वडी खडखडते. गाणारा पुरुष, पण बोलणारी ती. जपानी गाण्यांत याचं कोणाला नवल वाटत नाही. नातं पुढे मोडलं हे गाणं सांगतच नाही, आपल्याला ते त्या खडखडाटातून कळतं. त्याने तिचं चित्र काढायला विकत घेतलेली 24 रंगांची ‘क्रेपास’ची पेटीही गाण्यात आहे. क्रेपास हे एका कंपनीचं उत्पादन. सरकारी वळणाच्या एनएचके वाहिनीला वर्षअखेरच्या मोठ्या कार्यक्रमासाठी तिथे ‘क्रेयॉन’ हवं होतं, आणि कागुयाहिमे त्या कार्यक्रमात दिसले नाहीत. एका शब्दासाठी एवढं? पण गाण्याचा सगळा भार अशा वस्तूंवरच असेल, तर अमुक पेटीऐवजी कुठलीही पेटी कशी चालेल?

डिसेंबर 1975मधलं हिरोमी ओताचं ‘मोमेन नो हांकाचिफु’ म्हणजे ‘सुती रुमाल’ हा तर या साऱ्या प्रकाराचा वस्तुपाठच. ताकाशी मात्सुमोतोने ते पत्रव्यवहारासारखं लिहिलं आहे. गावाकडून शहरात गेलेला तो आणि मागे राहिलेली ती, आळीपाळीने बोलतात. तो शहरातून भेटी पाठवू म्हणतो, ती नको म्हणते. त्याचे कपडे बदलतात, बोलणं बदलतं, शेवटी परत यायचंच राहून जातं. मग ती पहिल्यांदा आणि शेवटचं काहीतरी मागते: डोळे पुसायला एक सुती रुमाल. त्सुत्सुमीची चाल मात्र उजळ आणि चालती आहे, शब्द न कळणाऱ्याला सहलीचं गाणं वाटावं अशी. (विक्रीच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर अडकलं. पहिल्यावर ठाण मांडून बसलं होतं माशाच्या आकाराच्या गोड केकबद्दलचं एक बालगीत. जनतेची आवड ही अशी असते.) गाण्यामागचा काळही डोळ्यांसमोर हवा. शाळा संपलेल्या मुलांना ईशान्य जपानातून घाऊक नोकऱ्यांसाठी तोक्योच्या उएनो स्थानकावर आणणाऱ्या खास गाड्या 1954पासून धावत होत्या, आणि त्या बंद झाल्या 1975मध्येच. गाडीच्या खिडकीतून निरोप घेतलेली एक पिढी तोवर शहरात स्थिरावली होती. तिच्यातल्या किती जणांनी कोणाला रुमाल पाठवायला हवा होता, हे त्यांचं त्यांना ठाऊक.

पुढे जपान श्रीमंत झाला आणि विरह घरात आला. 1985च्या ‘कोई नि ओचिते’मध्ये आकिको कोबायाशीची नायिका दुसऱ्या बाईच्या नवऱ्यावर प्रेम करते, टेलिफोनची तबकडी फिरवू लागते आणि मध्येच हात आवरते. रेइको युकावाने लिहिलेल्या या गाण्यात ते अर्धवट फिरलेलं चक्रच पापभीरूपणा दाखवतं आणि ओढही. 1992मध्ये नोरियुकी माकिहाराचा नायक, तिच्यावाचून आपलं काही अडत नाही हे स्वतःला पटवायला किटली गॅसवर ठेवतो, आणि चहापत्ती कुठे असते हेच त्याला माहीत नसतं. घरात कोण काय करत होतं, याचा एवढा नेमका जबाब समाजशास्त्राच्या पुस्तकातही सहसा मिळत नाही. गाण्याचं शीर्षक ‘आता प्रेम करणार नाही’ असं आहे, पण गाण्यात त्या वाक्याला आणखी एक नकार जोडला जातो आणि अर्थ उलटतो: असं मी कधीच म्हणणार नाही. क्रियापद शेवटी येणाऱ्या भाषेलाच ही गंमत साधते, मराठीलाही साधेल. पाठोपाठ 1993मध्ये न वाजणाऱ्या पेजरवर गाणं आलं. तबकडी, किटली, पेजर: माणसं तीच, अडसर नवे.

गाणी रडायचं काम वस्तूंकडे देतात या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा, की यात नवल काय, हा तर ‘मोनो नो आवारे’चाच, म्हणजे वस्तूंच्या नश्वरतेने मन हेलावण्याच्या जुन्या जपानी जाणिवेचाच वारसा. अठराव्या शतकात नोरिनागा मोतोओरी या विद्वानाने ‘गेन्जी’ या जुन्या कादंबरीत तीच जाणीव पाहिली होती. वारसा आहेच. पण जुन्या काव्यातल्या वस्तू चंद्र, फुलं, दव अशा होत्या, दर ऋतूत परत येणाऱ्या. साबणाची डबी आणि पेजर परत येत नाहीत, ते कालबाह्य होतात, आणि त्यांचं दुःख त्यातच आहे. दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे: ही सगळी जाहिराती आणि मालिकांसाठी पाडलेली गाणी, त्यांत कसलं आलंय काळीज? व्यवहार होता, नाकारण्यात अर्थ नाही. नव्वदच्या दशकातली बरीच मोठी गाणी मालिकांची शीर्षकगीतं म्हणूनच गाजली. पण तात्सुरो यामाशिताचं ‘ख्रिसमस इव्ह’ पाहा. 1983च्या या गाण्यातला माणूस जिची वाट पाहतो ती येतच नाही. पाच-सहा वर्षांनी जेआर तोकाई या रेल्वे कंपनीने ते नाताळच्या जाहिरातींत वापरलं. त्या जाहिरातींतली माणसं मात्र फलाटावर एकमेकांना भेटतात. 1989मध्ये गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं आणि तेव्हापासून दर डिसेंबरात परत येतं. न येण्याचं गाणं येण्याच्या जाहिरातीला चाललं, कारण वाट पाहणं दोन्हीकडे तेच आहे. जाहिरातीने गाण्याचा खप वाढवला, पण ती न येणारी काही आली नाही.

तिसरा आक्षेप संगीतकारांचा. त्यांच्या मते किमया शब्दांची नाहीच, ती ‘राजमार्ग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चौथा-पाचवा-तिसरा-सहावा या स्वरमेळांच्या क्रमाची आहे. पण तोच क्रम तिथल्या उड्या मारत गायच्या गाण्यांतही सर्रास सापडतो. नुसत्या क्रमाने हुरहूर लागली असती, तर सगळा जपान सदैव उसासे टाकत बसला असता. याहून अवघड पुरावा 2020चा. मिकी मात्सुबाराचं 1979चं ‘मायोनाका नो दोआ’ जपानीचा गंध नसलेल्या लाखो लोकांनी मोबाइलवर उचलून धरलं. ते पाहायला ती नव्हती. 2004मध्ये 44व्या वर्षी तिचं निधन झालं होतं. या श्रोत्यांना वस्तू कळल्या नाहीत, तरी गाणं भिडलं. इथे मला दोन पावलं मागे यावं लागतं: ठेका, बास आणि आवाज भाषेशिवायही प्रवास करतात. तरी त्यांच्यापर्यंत पोचला तो एका जुन्या काळाचा सुगंध. गाण्यातल्या प्रियकराच्या करड्या जाकिटावरचा ओळखीचा कॉफीचा डाग मात्र जपानीतच राहिला, आणि गाण्यातली बाई नेमकी त्या डागापाशी अडकलेली आहे.

पेजरनंतर मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला आणि पंचाईत झाली. कोणीही कुठेही सापडू लागल्यावर विरह आणायचा कुठून? 1999मध्ये सोळा वर्षांच्या हिकारू उतादाचं ‘फर्स्ट लव्ह’ आलं. त्या नावाचा अल्बम जपानात 75 लाखांहून जास्त खपला. माझ्या दाव्याला हे गाणं फारशी साथ देत नाही. ते सरळ मनातलं बोलतं. पण त्यातलं लोकांच्या लक्षात काय राहिलं? शेवटच्या चुंबनाला असलेली तंबाखूची चव. त्यानंतरची दोन अवाढव्य गाणी पाहिली, तर पंचाईतीवरचा तोडगा दिसतो. केन हिराईचं 2004चं ‘हितोमि ओ तोजिते’ ज्या चित्रपटासाठी आलं, त्यातली प्रेयसी मेलेली आहे आणि तिचा आवाज ऐंशीच्या दशकातल्या कॅसेटींत उरला आहे. केन्शी योनेझुचं 2018चं ‘लेमन’ शवविच्छेदन प्रयोगशाळेवरच्या ‘अननॅचरल’ मालिकेसाठी लिहिलं गेलं, आणि लिहिता लिहिता योनेझुचे आजोबा गेले. त्यात उरतो तो लिंबाचा कडवट वास. ज्याला फोन लागणार नाही असं माणूस एकच: गेलेलं.

मधल्या काळातलं एक गाणं मुद्दाम मागे ठेवलं होतं. 1977च्या ‘त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी’त सायुरी इशिकावाची नायिका उएनोहून रात्रीच्या गाडीने आओमोरीला उतरते आणि होक्काइदोच्या बोटीत चढते. लोक बोटाने दाखवतात म्हणून तीही ताप्पीचं भूशिर पाहायला धुकट काच पुसते, तर पलीकडे फक्त अंधूक काहीतरी दिसतं. शब्द पुन्हा यू आकूचेच. नावं पुसणारा आता काच पुसतो. ही बोटसेवा 1908पासून चालू होती. 13 मार्च 1988 रोजी समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि त्याच दिवशी ती बंद झाली. त्या बोगद्यातून आता शिंकान्सेन ही अतिवेगवान गाडी जाते, बरोबर ताप्पीच्या खालून. वर भूशिरावर गाण्याचं दगडी स्मारक आहे. त्यावरचं बटण दाबलं, की वाऱ्यावर मात करत मोठ्याने गाणं वाजतं.